पंपाच्या खोलीतला लाल दिवा

कुरवंड्याची सारिका त्या दिवशी इतकी तापली व्हती की, खोटं न्हाई, म्होरला गार च्या आपसूक उकळला. तापंल न्हाई तर काय! खंडाळ्याच्या दरीवरलं ते हॉटेल. सा वर्सं तिनं तितला रिसेप्शनचा फोन सांभाळला, आन मॅनेजर प्रज्ञेश सायेब समद्या नोकरांना गोळा करून त्यांच्या म्होरं तिला म्हनला,

"खोटारडी! निरोप गिळतेस तू. नाशिकच्या लग्नवाल्यांनी तीनदा निरोप ठेवला, कुणी उत्तर दिलं नाही. वीस खोल्या गेल्या. चार वाजता ज्योत्स्नामॅडम येतायत. मालकीणच तुला घरी पाठवेल."

"सायेब, फोन कुनी उचलला न्हाई की निरोप मशिनीत जातो, आन मशिनीतनं तुमच्या केबिनीत. माज्याकडं येतोच कुटं?"

"माझ्या फोनवर दिवा लागलेला पाहिलास कधी? नाही ना? म्हणजे तूच पुसतेस." असं म्हनून सायेब केसाला काळं लावाय गेला. मालकीन येनार म्हनलं की त्याचं डोकं दहा वर्सांनी मागं जायचं.

सारिकानं पदर खोचला. रिसेप्शनचा फोन कुनाला उचलू दिला न्हाई, आन आपल्या मोबाइलवरनं तितंच फोन लावला. सा वेळा वाजला, मग बाईचा गोड आवाज आला, निरोप ठेवा. सारिकानं ठेवला, "निरोपा, मेल्या, जातोस कुटं?"

आन निघाली हुडकाय. निरोप ज्या फोनावर जातो त्याचा लाल दिवा लुकलुकतो. सायबाच्या केबिनीत दिवा न्हाई. चादरींच्या खोलीत न्हाई. स्वैपाकघरात गेली तर रतनबाई पातेली आपटत व्हती. "पानी गेलं गं बये! रोजचंच झालंय ह्ये!"

पानी परत आल्यावर सारिकानं दुसरा निरोप ठेवला. परत पानी गेलं. आता मातर तिचे डोळे बारीक झाले. तिसरा निरोप तिनं नळापाशी हुबं ऱ्हाऊन ठेवला. धार बारीक झाली, करंगळीएवढी, दोऱ्याएवढी, खलास. वरनं सायेब बोंबलला, "पाणी कुठाय? डोळ्यांत डाय गेला!"

सारिका उतारावरनं पंपाच्या खोलीकडं अशी सुटली की वाटंतल्या माकडांनी हात जोडून रस्ता दिला.

तितं वाडीवरला कोंडूआबा मोटर बंद करून बसला व्हता. भिंतीवर टाकीचा फुटका दिवा, त्याच्याखाली जुना फोन, आन फोनावर लाल दिवा लुकलुकत व्हता.

"आबा, मोटर का बंद केली?"

"लाल दिवा लागला की टाकी भरली, बंद कर. सायबांनीच सांगितलंय."

"आवं, ह्यो फोनचा दिवा! टाकीचा तर फुटलाय, आन टाकी रिकामीच ऱ्हातीया."

"फुटला तवा सायबांना सांगितलं. म्हनले, बघतो. दुसऱ्या दिवशी ह्यो लागला. मला वाटलं, बघितलं."

"आन इझतो कसा?"

"बटन दाबतो. कुनी ना कुनी बोलतं. मी व्हय-व्हय म्हन्तो, पर ते आपलंच लावतात. मग दिवा इझतो आन मी मोटर लावतो." त्यानं तसंच केलं. फोनातनं सारिकाचाच आवाज तिच्यावर खेकसला.

"कुनाला सांगितलं का न्हाई?"

"गेलतो सायबांकडं. म्हनले, दुपारी झोपंतनं उटवू नगंस."

सारिकाच्या कानातनं वाफ निघाली. तेवढ्यात पान्याची चौकशी करत मालकीन खाली आली. मागं सायेब, डोक्याला टावेल, गालावर काळे ओघळ.

"मॅडम, ह्या बाईनंच—"

"गप ऱ्हावा," सारिका म्हनली. "आबा, पयला आवाज कुनाचा व्हता? ध्यानात हाय?"

"न ऱ्हायला काय झालं!" कोंडूआबानं डोळे मिटले. "सायबांचा. 'हॅलो, टेस्टिंग. आता माझ्याकडं येत नाही ना? छान. तो दिवा दुपारी झोपू देत नाही. निरोप वळवले तो हा नंबर कुणाचा? बरं, कुणाचा का असेना.' मी म्हनलं, व्हय सायेब. मग नाशिकची बाई." आन म्हाताऱ्यानं वीस खोल्या, तारीख, जेवनातलं गोड, समदं घडाघडा म्हनून दाखवलं.

मालकिनीनं सायबाला हातानंच मागं सारलं. मग म्हनली, "सारिका, तू कुठं जायची नाहीस. आता जाऊ दे."

"जाऊ दे कसं, मॅडम? खोटारडी म्हनताना समदे गोळा केलते. माफीबी समद्यांनी आयकली पायजे."

"मी नंतर..." सायेब पुटपुटला.

"नंतर न्हाई. निरोप ठेवा. संध्याकाळी समद्यांना वाजवून दावते." तिनं रिसेप्शनचा नंबर लावून मोबाइल त्याच्या हातात कोंबला. रिसेप्शनला कुनी नव्हतंच. सा वेळा वाजलं.

"सारिका... माझी चूक झाली... माफ कर."

जुन्या फोनाचा लाल दिवा लागला. कोंडूआबानं सवयीनं मोटर बंद केली.

"अगं, त्याला सांग ना! माझे केस धुवायचेत!"

"सांगते की," सारिका म्हनली. "आदी परत एकदा म्हना. आवाज लय बारीक आला."