पंधरा मिनिटांचा अंधार

मोहिनी नांदूरघाटची. आयटीआय करून वीज कंपनीत लागली आणि नेमणूक मिळाली ती नेमकी दिंद्रुडजवळ, सासरच्याच सावळेवाडीवर. माहेरचे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. चार वर्षांत मोहिनीला मात्र कळून चुकलं होतं, की आपल्याच गावची वायरमन होण्याइतका ताप दुसरा नाही. परक्या माणसाला लोक दारातून नाही म्हणतात. घरच्या सुनेला चहा पाजून नाही म्हणतात.

सावळेवाडीला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, एकच होती. घरांचे दिवे, कूलर, पाण्याच्या टाकीची मोटर आणि शिवारातल्या एकतीस विहिरींच्या मोटारी, सगळा भार तिच्यावर. एका वेळी पंधरा-सोळा मोटारी चालल्या तर डीपी निवांत चालली असती. पण प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवला होता. ऑटो म्हणजे लहानशी डबी. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, मालकाला रानात जावं लागत नाही. त्यामुळे लाईट आली की एकतीसच्या एकतीस मोटारी एकदम उठायच्या. पिकाला पाणी पुरलं तरी बंद करायला कुणी जायचं नाही. पाणी वाफ्यातून बांधावर, बांधावरून रस्त्यावर. आणि फ्यूज उडू नये म्हणून लोक तिथं जाड तारा गुंडाळून ठेवायचे. मोहिनीनं त्या काढल्या, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

त्या उन्हाळ्यात तिनं एका कागदावर पाळ्या लिहून काढल्या होत्या. निम्म्या विहिरी आज, निम्म्या उद्या. कागद घेऊन ती घरोघर फिरली.

"पाळी चांगली हाय," अजिनाथ म्हणाला. त्याची विहीर मोहिनीच्या रानाला लागूनच. "पर आदी माळावरल्यांना सांग. त्यांनी पाळली की आमी पाळतोच."

माळावरचे म्हणाले, "आदी खालच्या आळीला सांग."

सरपंच बबनरावांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, पाळ्या कशाला? आपुन दुसरी डीपीच मागू की."

"आबा, दुसरी येईपर्यंत ही जळंल."

"जळली तर मग लवकर भेटंल," बबनराव हसले.

मे महिन्यात सीमेवर तणातणी सुरू झाली. गावातला प्रत्येक टीव्ही दिवसभर चालू. कुणाकडं किती अणुबॉम्ब आहेत, कुठलं क्षेपणास्त्र कुठवर जातं, हे पारावरच्या माणसांना तोंडपाठ झालं. मोठ्या शहरांत दिवे बंद करायचे सराव झाले. आपल्याकडं तसा कुठलाच आदेश नव्हता, पण माऊलीच्या डोक्यात किडा वळवळला. माऊलीचं स्टँडवर मोबाईलचं दुकान, आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा तोच मालक. त्यानं ग्रुपवर टाकलं : शनिवारी रात्री आठ ते सव्वाआठ गाव अंधारात राहणार, देशासाठी.

शनिवारी दुपारी तो चार-पाच जणांना घेऊन मोहिनीकडं आला.

"वहिनी, आठला तुमी डीपीचं हँडल खाली वढायचं. म्हंजे एक दिवा ऱ्हायला नगं."

"मला वरून हुकूम लागतो. आन् हँडल कावून वढायचं? घरचे दिवे घरच्यांनी बंद करावेत."

"रस्त्यावरचे ऱ्हात्यात ना! वरून सगळं दिसतं."

मोहिनी सकाळपासून उन्हात खांबावर चढून आली होती. तिच्या तोंडून निसटलं, "माऊली, अणुबॉम्ब टाकणारा आपल्या रस्त्यावरचा दिवा बघून टाकणार हाय का? आन् पडलाच, तर दिवा बंद हाय का चालू, कोन इचारतंय?"

मग मागून एक जण म्हणाला, "सरकारचा पगार घ्यायचा आन् देशाची थट्टा करायची."

"थट्टा न्हाई करत बाबांनो. ऐका. या आठवड्यात मोटारींची लाईट संध्याकाळी सातला येती. तुमी हँडल वढलं आन् पुन्ना वर केलं, तर एकतीस मोटारी आन् गावचे सगळे कूलर एका झटक्यात उठत्याल. डीपी खलास हुईल."

"पंधरा मिन्टानं काय हुतंय, वहिनी," माऊली म्हणाला. "देशासाठी एवडं न्हाई करायचं?"

आठला देवळावरचा भोंगा वाजला आणि मोहिनी अंगणात उभी राहून बघतच राहिली. एका मिनिटात आळीच्या आळी विझली. बबनरावांचा माडीवरचा मोठा दिवा, जो कधी दिवसासुद्धा बंद नसायचा, तो गेला. टीव्ही गप्प झाले. मेंढरांच्या वाड्याशेजारी राहणाऱ्या साखराबाईनं चुलीवर पाण्याचा तांब्या ओतला. म्हातारीच्या घरात एकच दिवा, तोही तिनं मालवला होता. कुणी कुणाला विचारलं नाही, की तू आधी का मी आधी.

हीच माणसं. चार वर्षं मोहिनीनं दारं झिजवली ती यांचीच. यांना जमतं. यांना सगळं जमतं. ते कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं, पण उलट डोक्यात राग भणभणला.

रस्त्यावरचे तीन दिवे तेवढे चालू होते. बघता बघता तेही गेले, आणि त्यांच्याबरोबर शिवारातल्या मोटारींची घरघरही थांबली. मोहिनी चपला न घालताच पळाली.

गावाबाहेरच्या डीपीपाशी ती पोचली तेव्हा सव्वाआठ होत आले होते; तिथं चाळीस-पन्नास माणसं जमली होती. माऊली हँडलजवळ उभा.

"वर करू नगंस!" मोहिनी लांबूनच ओरडली. "माऊली, मी हात जोडते. मला आदी रानातल्या मोटारी बंद करू दे. अर्ध्या तासात येते, मग मीच लावते लाईट."

"अर्धा तास? वहिनी, पंधरा मिन्टं जाहीर केल्यात."

"लोकांना सांग की. अंदारात हायेतच ना सगळे? आनखी थोडं!"

पण गर्दीतल्यांनी मोबाईलवर बघून सेकंद मोजायला सुरुवात केली होती. दहा, नऊ, आठ. मोहिनीनं माऊलीचा दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला. जयघोष झाला आणि हँडल वर गेलं.

क्षणभर सगळं गाव लखलखलं. डीपीतून खोल गुरगुर आली, आणि पाठोपाठ असा धडाका झाला, की माणसं जमिनीवर आडवी पडली. उकळतं तेल खाली सांडलं, ज्वाळा उठली. अंधारात कुणीतरी किंचाळलं, "पडला! पडला!" बाया लेकरं कवटाळून शेताकडं पळत सुटल्या. तो बॉम्ब नव्हता, आपली डीपी होती, हे गावाला समजावून सांगण्यात मोहिनीचा पाऊण तास गेला. माऊलीच्या विजारीवर तेल उडालं होतं, पायाला चांगले दोन फोड आले. बाकी कुणाला काही झालं नाही, हेच नशीब.

"काय दिवे लावलेस रे, भाड्या," साखराबाई त्याला म्हणाली आणि घराकडं वळली.

सकाळी बबनराव मोहिनीच्या ओट्यावर येऊन बसले. "रिपोर्टात माऊलीचं नाव घालू नगंस. पोलीस आले, पंचनामा झाला, की डीपी महिनाभर लांबंल. गावाला प्यायला पानी न्हाई."

ते खरं होतं, आणि तेच मोहिनीला सहन होईना. खोटं लिहावं तर नोकरी जाणार, खरं लिहावं तर गाव तहानेलं. विचार करकरून ती म्हणाली, "जास्तीच्या भारानं जळाली, एवडं मी लिहीन. ते काय खोटं न्हाई. पर आबा, एकतीस ऑटो माज्या दारात आले पायजेत. त्याबिगर नवी डीपी चालू करनार न्हाई."

ग्रामसभेत झाडून सगळ्यांनी हात वर केले. दोन दिवसांत युरियाच्या रिकाम्या पोत्यात एकतीस डब्या जमा झाल्या. माऊली लंगडत स्वतःची घेऊन आला आणि खाली बघत म्हणाला, "चुकलं, वहिनी."

नवी डीपी बीडहून यायला अकरा दिवस लागले. मे महिन्याचे अकरा दिवस. बाया दीड कोसावरच्या हापशावरून पाणी आणत. साखराबाई शेरडांना घेऊन पहाटेच तलावाकडं निघायची आणि ऊन उतरल्यावर परतायची. तिची एक गाभण शेळी वाटेत बसली ती उठलीच नाही. "बॉम्ब न पडताच आमचं मरान झालं की गं," ती मोहिनीला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मोहिनीला तो असता तर बरा वाटला असता.

डीपी आली. मोहिनीनं जाड तारा फेकून नेमकी फ्यूजतार घातली आणि पाळ्यांचा कागद टाकीच्या भिंतीवर चिकटवला. पहिला आठवडा गाव पाळीनं चाललं. माणसं स्वतः रानात जाऊन मोटर लावायची, पाणी झालं की बंद करायची. दिव्याचा उजेड मिणमिणायचा थांबला. मोहिनीला रात्री गाढ झोप लागू लागली.

दुसऱ्या आठवड्यात फ्यूज एकदा उडाला. तिसऱ्या आठवड्यात रोज. मोहिनी शिवारात निघाली. तिसऱ्याच विहिरीवर स्टार्टरला नवीकोरी डबी दिसली. वर चिठ्ठी : माऊली मोबाईल शॉपी. पुढच्या विहिरीवर तीच. त्याच्या पुढं तीच. मोजत मोजत, अजिनाथच्या विहिरीवरचीही डबी बघून, ती स्वतःच्या रानात पोचली आणि स्टार्टरचं झाकण उघडून तिथंच उभी राहिली.

संध्याकाळी तिनं ती डबी नवऱ्याच्या, अंगदच्या ताटाशेजारी ठेवली. अंगद टीव्ही बघत जेवत होता.

"हे काय हाय?"

"अजिनाथनं आदी त्याच्या हिरीवर बसिवला." अंगदनं मान वर केली नाही. "त्याची मोटर आदी उठती, झऱ्याचं पानी तोच वढतो. आपली हीर कोरडी ऱ्हाती. त्यानं काढला की मी काढतो."

"आन् त्यो काय म्हनतो?"

"त्यो म्हनतो, अंगदनं काढला की काढतो."

टीव्हीवर एक निवृत्त अधिकारी हातवारे करत सांगत होता, की समोरच्यानं बॉम्ब कमी केल्याशिवाय आपण एकही कमी करणं म्हणजे आत्महत्या. मोहिनी त्या माणसाकडं बघत राहिली, मग नवऱ्याकडं. तिनं पकडीनं डबीच्या तारा तोडल्या.

"तू येडी झालीस का गं?" अंगद ताटावरून उठला. "गावाला सुदरवशील आन् घरची हीर मारशील!"

"मारते. माज्या घरात हाय तर मी दुसऱ्याला कोन्या तोंडानं सांगू?"

चार दिवस अंगद तिच्याशी बोलला नाही. ड्युटी संपवून ती स्वतः रानात जायची, मोटर लावायची, वाफे भिजले की बंद करून यायची. अजिनाथनं ते बांधावरून पाहिलं. त्याची डबी जिथं होती तिथंच राहिली. फ्यूज रोज उडत राहिला आणि गाव म्हणू लागलं, मोहिनीचाच फ्यूज लई नाजूक.

पावसाळा सरता सरता बबनरावांनी शब्द खरा केला. पाठपुरावा करून त्यांनी दुसरी डीपी मंजूर करून आणली. मंडप पडला, पेढे आले. माऊलीनं बॅनर लावला, त्यावर बबनराव हात जोडून. साखराबाईसुद्धा येऊन कडेला बसली.

नारळ फोडायच्या आधी डीपी चालू करून बघायची होती. मोहिनीनं हँडल वर केलं आणि तारेला मीटर लावून भार मोजला. मग पुन्हा मोजला. दुसरी डीपी येणार, हे कळल्यापासून शिवारात आठ नव्या बोअर झाल्या होत्या, त्याही ऑटोसकट. नवी डीपी पहिल्याच दिवशी काठोकाठ भरली होती.

ती मंडपात येऊन बबनरावांच्या कानाशी लागली. "आबा, हीबी भरली. पाळ्या लावाव्या लागत्याल. आजच सांगा समद्यांना, सगळे हायेत तवर."

बबनराव हातात नारळ धरून उभे होते. समोर फोटो काढणारे खोळंबले होते.

"आगं, नारळ तर फोडू दे," ते ओठ न हलवता म्हणाले. "आन् तिसऱ्या डीपीचा अर्ज कालच दिलाय."

नारळ फुटला. टाळ्या झाल्या. मोहिनीनं मीटर पिशवीत टाकलं आणि समोर आलेला पेढा न घेता ती शिडी उचलायला गेली. जुन्या डीपीचा फ्यूज नुकताच उडाला होता.