मी नरसाळं उडवलं त्याची गोष्ट

काल खोक्यातून निघून प्रयोगशाळेच्या या कपाटात आलेल्या मित्रांनो, मी एक जुनी ब्युरेट आहे, अंगावर रेघा आणि खाली तोटी असलेली काचेची लांब नळी. आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातलं एकही भांडं विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू!

ज्या कारागिराने मला फुंकलं, त्याने एकच श्वास घेतला आणि तो सोडून होईपर्यंत त्याची दाढी वाढली. म्हणून मी इतकी सरळ. राजांग नदीतून बोटीने इथे येताना शेजारी कोंबड्यांचं खुराडं होतं. त्यातली एक माझ्या अंगावरच्या पाचशे रेघा मोजता मोजता तिरळी झाली.

आमच्या शाळेत सहाव्या फॉर्मला, म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्यावरच्या वर्गाला, दोघींत एक ब्युरेट असायची. माझ्या वाट्याला लुलोंग आणि सिऊ हुआ आल्या. सिऊ हुआ उंच, म्हणून तीच नरसाळं लावून माझ्यात दाहक सोड्याचं पाणी ओतायची आणि नरसाळं काढून ठेवायची. लुलोंगची नजर घारीची, म्हणून तिने फक्त रेघ वाचायची. दोन वर्षं असंच चाललं.

"पोरी, तुझी नजर माझ्या बायकोसारखी आहे," चिकगु तिओंग, आमचे रसायनाचे मास्तर, म्हणायचे. "काही म्हणता काही सुटत नाही!"

लुलोंग मागच्या साली रसायनात नापास झाली होती. तिला औषधशास्त्र शिकायचं होतं. बापाने निरोप धाडला होता, "यंदा शेवटचं. नाही जमलं तर घरी ये. मिरी तोडायला हात कमीच आहेत."

परीक्षेत मात्र ज्याची त्याची ब्युरेट वेगळी. लुलोंगने पहिल्यांदाच मला स्वतः भरलं आणि नरसाळं माझ्या डोक्यावर तसंच राहिलं.

खालच्या भांड्यातल्या आम्लाला गुलाबी रंग येईपर्यंत ती सोडा थेंब थेंब सोडत होती आणि वरून नरसाळ्याला चिकटलेले थेंब गुपचूप माझ्यात उतरत होते. कधी तीन, कधी चौदा. म्हणून किती सोडा लागला याचा आकडा दर वेळी वेगळा. आधी २४.९०. मग २४.३५. मग २४.६०. आकडे जुळल्याशिवाय गुण नाहीत!

"चिकगु, माझं आम्लच खराब आहे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "शप्पथ! जुळतच नाही काही."

"परीक्षा आहे, आज मला तोंड नाही, लुलोंग," ते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "बघ. नीट बघ, बाळ."

ती नीट बघत होती हो! पण रेघेकडे. वर बघ गं बाई, वर! मी काचेची, ओरडू कशी? आता दोनच वेळचं आम्ल उरलं होतं. घड्याळात बारा मिनिटं. "येते बाबा," ती पुटपुटली, "मिरी तोडायला येते."

तेव्हा मित्रांनो, मी सगळं बळ एकवटलं आणि शिंकले! नरसाळं उडालं, पंख्याला आपटलं आणि चिकगुंच्या टकलावर टोपीसारखं बसलं. मग आकडा आला २५.०५. पुन्हा २५.०५! लुलोंग आता कुचिंग शहरात पांढरा कोट घालून औषधं देते.

म्हणून विनवते, पोरांना सांगा. जो वाचतो त्याने भरायलाही शिकावं, जो भरतो त्याने वाचायलाही. वाचण्याआधी नरसाळं काढा. आणि काम झालं की ब्युरेटला स्वच्छ धुऊन...

"आजी," खालच्या फळीवरचं नवं मोजपात्र म्हणालं, "तुझी तोटी का फिरत नाही?"

"वय झालं रे."

"सकाळी चिकगु नव्या वर्गाला तुला दाखवत होते. म्हणाले, सोडा आत तसाच राहिला की काचेची तोटी कायमची अडकते. हिला परीक्षेच्या दिवशी कुणी धुतलंच नाही, कारण पोरगी रडत अर्ध्यातूनच उठून गेली. खोटं सांगतेस, आजी. नरसाळं हललंच नव्हतं."