काडीच्या दातातला धागा

एका वर्षात एका पोरीला मी अकरा वेळा मरताना बघितलं. जिन्यावर मेली, गवतात मेली, गाडीच्या डिकीत मेली, एकदा तर पुस्तकांच्या ढिगाखाली मेली. दर वेळी नवा झगा, दर वेळी केस कसे चापूनचोपून. मी तेव्हा फोटो स्टुडिओत शिवणकाम करायचे, कपडे अंगासरसे बसवून द्यायचे. या पोरीला मी काडी म्हणते, कारण तिच्या कमरेला कितीही टाके घाला, झगा सैलच.

"मावशी, या खेपेला माझं तोंड येणार!" त्या दिवशी आल्या आल्या ती म्हणाली.

आजवर तिचे पाय छापले होते, एकदा पाठ, एकदा नुसता लोंबता हात. तिनं आईला फोटो दाखवले, तर आई म्हणाली, पाय काय, कुणाचेही असतील. आता मासिकाचं मुखपृष्ठ होतं. आईच्या हातात तोंडासकट पुरावा द्यायचा, म्हणून पोरगी दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती.

मुखपृष्ठावरच जाहिरात, अत्तराची. टबात मेलेली बाई आणि काठावर बाटली. आता मेलेल्या बाईला कसला वास येतो ते मला विचारा, सासूबाईंचं सगळं मी केलंय. पण मला विचारतो कोण! खिडकीशी एक कोटवाला पुरुषही उभा केला होता. बायको मरून पडलीय आणि हा बाहेर बघतोय, बसला उशीर झाल्यासारखा.

फोटो काढणाऱ्याला फोटोग्राफर म्हटलेलं चालत नाही, म्हणून आम्ही त्याच्या माघारी त्याला कलावंत म्हणायचो. मी एकदा त्याला सरळ विचारलं होतं, "साहेब, तुमच्याकडे बाप्ये कसे कधी मरत नाहीत?"

"पुरुष मेला की बातमी होते, मावशी," तो डोळे मिटून म्हणाला. "बाई मेली की कविता होते."

धन्य रे बाबा तुझी.

टबात पाणी गार होतं. गरम चालत नाही, वाफ भिंगावर धरते, शिवाय गाल गुलाबी होतात. मेलेली बाई गुलाबी दिसून कसं चालेल? वरून बर्फाच्या दोन बादल्या ओतल्या. काडी आत उतरली तशी तिच्या तोंडून "आई गं" निघालं आणि कलावंत म्हणाला, "छान, आता हे विसरून जा." बाटलीला मात्र दोन माणसं होती. एक पुसायला आणि एक, पुसल्यावर डाग राहिला का ते बघायला.

पाऊण तास झाला. भिजून झगा जड झाला आणि खांद्याची शिवण उसवली. मला हाक आली. मी टबाशी गुडघे टेकले, सुई ओवली आणि आधी काडीच्या दातात वीतभर पांढरा धागा दिला. ही माझ्या आईची शिकवण. अंगावर कपडा शिवतात तो मेलेल्याच्या. जिवंत माणसाला अंगावर टाका घालायचा तर त्यानं दातात धागा धरून चावत राहायचं, म्हणजे कळतं की हा अजून इथलाच आहे. पहिल्यांदा काडी हसली होती. पुढे पुढे मी विसरले तर स्वतःच मागायची.

"मावशी, बोटं कळत नाहीत," ती पुटपुटली.

"साहेब, कविता गारठलीय. दहा मिनिटं बाहेर काढा," मी म्हणाले.

"प्रकाश जाईल! व्हा बाजूला!"

मी झाले बाजूला. आजही त्याची चीड येते, पण झाले. धागा तिच्या ओठात तसाच राहिला. तिची हनुवटी हळूहळू हलत होती, चघळणं चालू होतं.

"जबडा हलवू नकोस!" कलावंत ओरडला. "मेलेली माणसं रवंथ करत नाहीत!"

हनुवटी थांबली.

"वा! वा! हेच! हेच तर मी वर्षभर मागत होतो!" खटाखट फोटो सुरू झाले. "काय समर्पण आहे पोरीचं! शिका जरा!" हे कोटवाल्याला. बाटली पुसणाराही हातातलं फडकं विसरून बघत राहिला.

मी धाग्याकडे बघत होते. मी टाका घालताना काडीनं धागा चावणं कधी थांबवलेलं नाही, शिंक आली तरी नाही. आणि आता धागा ओठातून ओघळला, पाण्यावर तरंगला, पाठोपाठ तिचं नाक बुडालं. बुडबुडा नाही, काही नाही.

मी चपलांसकट टबात उडी घेतली.

"बाटली! बाटली!" दोघं एकदम किंचाळले. बाटली फरशीवर पडून फुटली आणि खोलीभर तो लाखमोलाचा वास सुटला.

"शॉट घालवलात माझा!" कलावंत ओरडला.

"मेल्या, पोरगी जातेय! पाय धर तिचे!"

त्यानं धरले, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही धरलं असेल. आम्ही तिला फरशीवर पालथं घातलं. पाठीवर थापट्या मारल्या तसं पाणी बाहेर आलं. कोटवाल्याचा कोट मी हिसकावून तिच्या अंगावर टाकला. तिचे तळपाय मी माझ्या पोटाशी धरून चोळले, चोळताना रडत होते आणि शिव्याही देत होते. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"झालं का?" तिनं विचारलं. "तोंड आलं?"

त्या दिवसापासून मला त्या स्टुडिओचं बोलावणं नाही. मी घरीच ब्लाउज शिवते. दोन महिन्यांनी काडी मासिक घेऊन दारात उभी राहिली. जरा भरली होती गालात. मुखपृष्ठावर तिचं तोंड, निळसर, शांत. आत कलावंताची चार पानी मुलाखत, मृत्यूचं कोमल रूप वगैरे. बाटली संगणकावर पुन्हा उभी केली होती.

"हा त्या वेळचाच आहे ना गं?" मी चष्मा लावला. "धागा ओठातून सुटायच्या आधीचा?"

"हो."

मी पान उजेडात धरलं. ओठ मोकळे होते.

"पुसला त्यांनी," काडी म्हणाली. "घाण दिसत होता म्हणे."

"आईला दाखवलंस?"

"आईनं बघितलं आणि पालथं ठेवलं. म्हणाली, घरात नको हे." ती मशीनजवळच्या स्टुलावर बसली. "मावशी, तुमच्याकडे पांढरा धागा असेल ना?"

मी सुई ओवली. मासिक मांडीवर घेतलं आणि तिच्या छापील ओठाच्या कडेला, धागा पुसला होता तिथेच, हलक्या हातानं पहिला टाका घातला. मान वर करून बघते तर काडीनं रिळावरच्या धाग्याचा एक तुकडा तोडून स्वतःच्या दातात धरला होता, आणि माझा टाका संपेपर्यंत ती तो चावत होती.