दोन पाटे कमी

ट्रकच्या केबिनमध्ये चढायला माणसाला पाय किती उचलावा लागतो, हे इतकी वर्षं ड्रायव्हरची बायको असून मला ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांचा पाय उचलेनासा झाला तेव्हा कळलं.

सारं शेवगाव ह्यांना सूर्यभान ड्रायव्हर म्हणतं. डाव्या खुब्याचा सांधा धरत चालला होता. पाय खाली दाबता यायचा, क्लच वगैरे सगळं जमायचं; नुसता वर उचलायचा म्हटलं की संपलं. नगरचे डॉक्टर म्हणाले, सांधा असाच धरत जाणार, औषध नाही. सांगताना हसले. धीर द्यायला हसले असतील.

गाडी आबासाहेबांची. दुष्काळी कामावरच्या रस्त्यांना खडी टाकायची. खडीच्या फेऱ्यांना क्लीनर कशाला, म्हणून आबासाहेबांनी तो काढून टाकला होता, ते आमच्या पथ्यावरच पडलं. खाणीवर दगडांना तोटा नाही. एखाद्यावर पाय देऊन हे चढायचे. पण दसऱ्याला गाडी मालकाच्या दारात लागते. पूजा झाली की चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि साऱ्या घरादारासमोर ड्रायव्हरनं वर चढून ती चिरडत गाडी काढायची. त्या सारवलेल्या अंगणात दगड कुठला? तिथं चढता आलं नाही तर गाडी दुसऱ्याच्या हाती जाणार, हे आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो इतकंच. गाडी सोडून ह्यांना दुसरं काही येत नाही. जेवल्यावर स्वतःचा पाटसुद्धा उचलून ठेवता येत नाही.

पाथर्डीच्या रस्त्याला गनीभाईंचं दुकान. ट्रकचे पाटे दुरुस्त करायचे ते. गाडीचं सारं ओझं चाकांवर ज्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या थप्पीवर बसतं, ते पाटे.

"गनीभाई, खाली एक पायरी जोडून द्या की," मी म्हणाले.

"वहिनी, पायरी साऱ्या गावाला दिसंल. मालक इचारंल, ही कुना म्हाताऱ्यासाठी?" त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. "त्यापरीस गाडीच खाली आनू. पाटे कोन वाकून बघतंय?"

जॅक लावला, बोल्ट सोडले. पुढच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले, आणि उरलेल्यांची कमान ऐरणीवर घणानं ठोकून चपटी करायला लागले.

"भट्टी न्हाई लावायची?" ह्यांनी विचारलं.

"तापवला की पाटा मऊ पडतो. आमच्या मुबारकबीवानी न्हाई. ती तापली की कडक व्हती."

"ऐकू येतंय मला!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

गाडी चार बोटं खाली आली. हे हँडल धरून चढले. दगडाशिवाय, कुणाच्या हाताशिवाय. वर बसून माझ्याकडं असं बघितलं, जसं मला बघायलाच आले होते. मी म्हणाले, "उतरा, परत चढा." उतरले, परत चढले. मग मी नको म्हणत होते तरी चढतच राहिले.

"खडी बेतानं भर, सूर्यभान," गनीभाई म्हणाले. "मडगार्ड टायरला घासंल."

दसऱ्याला झेंडू कुठून येणार, पाऊसच नव्हता. गाडीला कडुलिंबाचे डहाळे बांधले. आबासाहेबांनी नारळ फोडला. हे पुढं झाले, हँडल धरलं आणि चढले. माझा पदर माझ्याच मुठीत चुरगळला होता, तो मी सोडला.

त्या घरची रीत अशी, की दसऱ्याची पहिली फेरी मोहट्याच्या देवीला, घरची सगळी माणसं घालून. आबासाहेबांच्या आई कडूबाई मानानं केबिनमध्ये बसायच्या. दर साली दोन सुना खालून लोटायच्या, तेव्हा म्हातारी वर जायची, तीही शिव्या देत. यंदा सुना पुढं व्हायच्या आत म्हातारी आपली आपण चढून बसली.

"अगं बया!" त्या आतून ओरडल्या. "आबा, बघ की रे, देवीनं पायात बळ दिलं! घरच्या पायरीवानी चढले मी!"

सगळे हसले. आबासाहेब हसत हसत थांबले. ते आधी ड्रायव्हर होते, मालक नंतर झाले. धोतर सावरून पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, आत बघितलं. मग तसेच बसून केबिनकडं वर बघत राहिले. ह्यांनी नजर समोर ठेवली होती.

देवीला जाऊन आल्यावर त्यांनी ह्यांना बाजूला घेतलं. मी मुद्दाम जवळ उभी राहिले.

"कदीपास्नं?"

"आखाडापास्नं."

"पाटे घालून गाडी दारात आन. उतर, आन माज्यासमोर परत चढ. चढलास, तर मी आज खाली वाकलोच न्हाई."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिला उत्तर तरी देता येतं.

दुसऱ्या दिवशी गनीभाईंनी पाटे परत घातले, कमान पहिल्यासारखी उंच केली. "एक राहू दिऊ का भाईर?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यांना दिसतंय," हे म्हणाले.

गाडी पुन्हा उंच झाली. ह्यांनी हँडल धरलं. पाय निम्म्यावर आला आणि थांबला. पुन्हा धरलं. दंडाच्या शिरा फुगल्या, कपाळ दाराला लागलं. समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशी हातात धरून उठून उभी राहिली. शेवटी गनीभाईंनी गुडघ्याखाली हात घातले, मी पाठीला खांदा दिला, आणि आम्ही ह्यांना भर रस्त्यात वर चढवलं. मी पलीकडून जाऊन शेजारी बसले.

"मालकाला सांगू या का, आजच्याला अंग दुखतंय म्हनून?" मी म्हणाले.

"आन उद्या?"

दारात गाडी लागली. आबासाहेब ओट्यावर आले. ह्यांनी इंजिन लगेच बंद केलं नाही. हात गिअरच्या दांड्यावर ठेवून ऐकत बसले. मग चावी फिरवली.

उतरले ते मात्र स्वतःचे स्वतः. खाली यायला कुणाचा हात लागत नाही. उभे राहिले, वळून हँडलकडं बघितलं, पण हात वर नेला नाही. चावी आबासाहेबांपुढं धरली.

"चढून तर बघ," आबासाहेब म्हणाले.

"बघितलं, मालक," हे म्हणाले.