रिया मामाकडे गेलीय

खट्.

कोठीच्या खोलीची कडी मयूरीने आतून लावली. पाहुण्यांची वाट बघत सगळं घर गप्प होतं, त्यात तो एवढासा आवाजही केवढा तरी वाटला. तिने वळून बघितलं. तिची सहा वर्षांची लेक रिया फरशीवर मांडी घालून चिकू मांडत होती. मोठा, बारका, मोठा, बारका. ओळ सरळ होती, म्हणजे अजून तरी ठीक होतं.

कडी लावायचं मयूरीनेच कबूल केलं होतं. नणंद संगीता एकतिसाची, दोन स्थळं हातची गेलेली. दुसऱ्या वेळी पाहुण्यांसमोर कुकरची शिट्टी झाली आणि रिया कान दाबून अर्धा तास किंचाळत राहिली. महिन्याभरापूर्वी वलसाडच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, ऑटिझम. त्यांच्या फॉर्मवर ढीगभर प्रश्न होते. मूल स्वतःला 'मी' म्हणतं का? नाही, रिया म्हणते, 'रियाला पाणी.' आपणहून प्रश्न विचारतं का? त्यापुढेही मयूरीने 'नाही'वर खूण केली होती. सहा वर्षांत एकदाही नाही.

ते नाव उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

"पण आई, शंभरेक मुलांत एखादं असतं असं. डॉक्टरच म्हणाल्या."

"मग आपल्या डहाणूत बाकीची कुठायत गं? मला तर एक दिसलं नाही."

 त्याचं उत्तर मयूरीला आता कडीवरून हात काढताना सुचलं: अशाच कड्यांच्या आत.

अंगणात गाडी थांबली. बोर्डीचे पाहुणे आले. चपला वाजल्या, पाण्याचे पेले फिरले. मुलाची आई बोलकी होती.

"चिकू तुमच्याच वाडीचे ना? साखर आहेत अगदी. आणि नात कुठाय तुमची? फोटोत होती ती?"



"रिया? ती मामाकडे गेलीय, तलासरीला," सासूबाई सहज म्हणाल्या.

रियाचा हात चिकूवरच थांबला. तिने दाराकडे बघितलं, मग स्वतःच्या फ्रॉककडे.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोने लांबलचक हॉर्न दिला. रियाचे हात कानांवर गेले, घशात घरघर सुरू झाली. ती चढत किंचाळीपर्यंत जाते, हे मयूरीला ठाऊक होतं. तिने खाली बसून पोरीला ओढून छातीशी घट्ट दाबलं, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं. "झालं हं, गेला टेम्पो, गेला बघ."

"आत कोण आहे का हो?" बाहेरून आवाज आला.

"उंदीर, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या, "माल ठेवलाय ना चिकूचा."

पीयूष खाकरला. मयूरीच्या नवऱ्याला तेवढंच जमलं.

मयूरी उठली. रियाला कडेवर घेऊन तिने कडीला हात घातला. बघू देत सगळ्यांना उंदीर.

"उंदरांना मी भितो बरं का," नवरामुलगा रवींद्र म्हणाला, "लग्नानंतर सासुरवाडीला आलो, तर झोपायला ओटीवरच."

आणि संगीता हसली. मोकळं, खळखळून. कितीतरी दिवसांत मयूरीने ते हसू ऐकलं नव्हतं. कडीवरचा हात सुटला. रियाच्या केसांत तोंड खुपसून ती तशीच उभी राहिली. घरघर हळूहळू उतरली.

गाडी गेली तशी सासूबाईंनी दार ठोठावलं. "उघड गं. जमलं. रविवारी बोलणी करायला बोलावलंय. काय शहाण्यासारखी राहिली आज पोर."

मयूरीने दार उघडून रियाला खाली ठेवलं. पेढा घेऊन संगीता धावत आली आणि तिच्यापुढे उकिडवी बसली. "रियाबाई, घ्या. आत्याचं लग्न ठरलं."

रियाने पेढ्याकडे बघितलं नाही. ती उंबरठ्याच्या आतच थांबली होती, फाटकापलीकडच्या रस्त्यावर नजर लावून. मग तिने मयूरीच्या ओढणीचं टोक धरलं.

"मम्मी, रिया मामाकडून कधी येणार?"