भन्नाटच्या तोंडचं वाक्य

जावाजावांचा उभा दावा असतो असं म्हणतात. असेल. मी मात्र माझ्या मोठ्या जाऊबाईंचं कौतुक करायला बसले आहे आणि ज्यांना ते खपणार नाही त्यांनी खुशाल दुसरीकडे तोंड करावं.

आधी त्या दिसतात कशा ते सांगते. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली, चष्मा दोरीने गळ्यात लटकत असताना तोच घरभर शोधत फिरणारी बाई. रस्त्यात भेटल्या तर तुम्ही त्यांना बसायला जागा द्याल आणि विसरून जाल. पण त्याच बाई रेकॉर्डिंगच्या खोलीत माइकसमोर उभ्या राहिल्या आणि काचेपलीकडून मी बोट वर केलं, की दहा वर्षांचा एक मस्तीखोर पोरगा बोलायला लागतो. तो म्हणजे भन्नाट. टीव्हीवरचा. ज्याच्या टोप्या, दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या घरोघरी आहेत तो. कार्टून बाहेरून तयार होऊन येतं; चित्रातला भन्नाट नुसते ओठ हलवतो. त्या ओठांत आपल्या भाषेतले शब्द बसवायचं काम जाऊबाई अकरा वर्षं करताहेत.

खऱ्या मुलाला हे काम देऊन चालत नाही, कारण मुलाचा आवाज फुटतो. बाईचा फुटत नाही. म्हणून टीव्हीवर जेवढे शूर मुलगे उड्या मारतात, त्यांतले बरेचसे गुडघेदुखीच्या बायका असतात. हे गुपित चॅनेल जिवापाड जपतं. जाऊबाईंनी कुठे बोलायचं नाही, असं ठरलेलंच आहे. "भन्नाट म्हणजे एक काकू आहे हे कळलं, तर कोणता मुलगा त्याची टोपी घालेल?" असं चॅनेलचे साहेब म्हणाले होते. रेकॉर्डिंगच्या मशीनवर मी बसते हेही त्यांना पचायला वेळच लागला. पहिल्या दिवशी त्यांनी मला चहा आणायला सांगितलं. मी दोन कप मागवले आणि दुसरा त्यांच्यासमोर बसून प्यायले.

आता त्या वाक्याबद्दल. भन्नाटचा एक मित्र आहे, चिमट्या. तो येता-जाता रडतो. पहिल्याच भागात चिमट्या रडतो तेव्हा भन्नाटने म्हणायचं होतं, "रडतोस काय?" एवढंच. पण चित्रातल्या भन्नाटचे ओठ त्यानंतरही हलतच राहिले. आमच्या धंद्यात याला ओठ उरणं म्हणतात. उरलेले ओठ रिकामे दिसले की बघणाऱ्याला खटकतं, म्हणून काहीतरी शब्द घालून ते भरावे लागतात. जाऊबाईंनी क्षणात भरले: "रडतोस काय मुलीसारखा?" बसलं, अगदी चपखल. साहेब हसले, मीही हसले. मग दर भागात ते वाक्य आलं. मग पोट दाबलं की ते वाक्य म्हणणारी भन्नाटची बाहुली निघाली. दुकानदार मुलग्यांसाठी तिला बाहुली म्हणत नाहीत म्हणे, 'फायटर' म्हणतात. असो.

ती बाहुली आमच्याही घरी होती. माझा धाकटा मुलगा, पिटुकला, आठ वर्षांचा. आम्ही सगळे एकाच घरात राहतो, तरी भन्नाट आपल्याच काकूच्या गळ्यात राहतो हे त्याला ठाऊक नव्हतं. काकू स्टुडिओत 'काहीतरी ऑफिसचं' करते एवढंच त्याला सांगितलं होतं.

त्याच्या वर्गात काचेच्या भांड्यात एक मासा होता. त्याला खाऊ घालायची पाळी पिटुकल्याची असताना मासा मेला आणि हा भर वर्गात रडला. त्यावर अख्ख्या वर्गाने भन्नाटच्या चालीत ओरडायला सुरुवात केली: "रडतोस काय मुलीसारखा?" पिटुकल्याच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "मुलीसारखा म्हणजे कसा? मी तर रडलेच नाही!" पण एवढ्या कालव्यात तिचं कोण ऐकतंय! वर्गाच्या बाईंनाही हसू आवरलं नाही. मी भेटायला गेले तर मलाच म्हणाल्या, "त्याला जरा कणखर करा हो. घरात फार बायकांत वाढतोय वाटतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "बाई, तुमच्या वर्गात तो दिवसाचा निम्मा वेळ असतो. तुम्ही कोण आहात मग?" बाई वह्या तपासायला लागल्या. पण वर्गातली मुलं ओरडायची कशाला थांबतात?

त्यानंतर पिटुकला रडायचा बंद झाला. आम्हाला आपलं वाटलं, चला, सावरला.

एके संध्याकाळी जेवताना जाऊबाईंच्या लक्षात आलं की हा डाव्या हाताने चमचा धरतोय. उजवा हात टेबलाखाली.

"काय रे, आज डावखुरा झालास?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"हात दाखव बघू."

"काही नाही झालं, काकू."

त्यांनी टेबलाला वळसा घालून तो हात हळूच वर घेतला. मनगट टम्म सुजलं होतं. शाळेत आदल्या दिवशी जिन्यावरून पडला होता. आदल्या दिवशी! एक रात्र आणि एक अख्खा दिवस या पोराने तो हात तसाच वागवला होता.

"अरे राजा, सांगितलं का नाहीस?" जाऊबाईंनी विचारलं.

पिटुकल्याचे डोळे डबडबले, पण त्याने ते पाणी आत ओढलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते. म्हणाला, "सांगितलं असतं तर रडू आलं असतं. भन्नाट नाही रडत. भन्नाटला कळलं असतं तर काय म्हणाला असता, माहितेय ना?"

आणि त्याने ते वाक्य म्हटलं. काकूचाच हेल, काकूचाच ठसका, काकूच्याच तोंडावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं. जाऊबाई त्याचा हात धरून नुसत्या उभ्या होत्या. मीच मग भानावर येऊन गाडीची किल्ली शोधली. हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हात सरळ केला तेव्हाही पोरगा रडला नाही. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, मर्द आहेस!" जाऊबाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की बिचारे चष्मा पुसायला लागले.

परतताना गाडीत त्या एवढंच बोलल्या, "ओठ उरले होते गं. म्हणून भरला शब्द. जो तोंडात तयार होता, तो आला."

त्या आठवड्यातच नव्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. या भागात पुरात चिमट्याचं घर वाहून जातं. भन्नाट त्याला शोधत येतो, तर चिमट्या एका उलट्या होडीवर बसून रडत असतो. ओठ तेच, वाक्य तेच. मी काचेमागून बोट वर केलं. माइकमधून आवाज आला तो भन्नाटचा नव्हता, जाऊबाईंचा होता.

"हे मी म्हणणार नाही."

साहेब माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना वाटलं घसा बसला. म्हणाले, "मॅडम, गरम पाणी सांगू का?"

"घसा छान आहे, साहेब. वाक्य वाईट आहे. आणि ते मीच घातलंय, म्हणून मीच काढणार. दुसरं आणलंय, ओठांत बसतं. ऐकून तर घ्या."

"अहो, ते वाक्य म्हणजे भन्नाट आहे! बाहुल्या त्याच्यावर चालतात. हिरो आहे तो. हिरो मऊ पडला तर मुलगे बघतील का?"

मला राहवेना. "साहेब, मऊ कोण म्हणतंय? अकरा वर्षं तुमचा हिरो आमच्या घरात चष्मा शोधतोय," मी म्हटलं. साहेबांनी मला गप्प बसायची खूण केली. मी गप्प बसले, पण काही फार वेळ नाही.

"म्हणणार नसाल तर मला दुसरं कोणी बघावं लागेल," साहेब म्हणाले.

"बघा," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी हेडफोन काढून खुंटीला टांगला, पर्स घेतली आणि त्या निघाल्या.

लिहिताना सोपं वाटतं. पण भन्नाट गेला तर त्यांच्याकडे काय उरतं, हे मला ठाऊक होतं. जाहिरातीतल्या बायका. त्यांनी काळजीने विचारायचं, "पण हे डाग जातील का?" आणि मग एक भारदस्त पुरुषी आवाज येऊन समजावणार, की हो, जातील. जन्मभर कपडे धुणाऱ्या बाईला हे माहीत नसतं आणि त्या आवाजाला माहीत असतं! अशा शंभर बायका त्यांनी केल्या होत्या. पळणारा, पडणारा, झाडावर चढणारा, उत्तर स्वतःच देणारा असा एकटा भन्नाट. तो त्यांना जिवाहून प्यारा होता. घरी येऊन त्या कपाटं आवरत बसल्या. त्या कपाटं आवरायला लागल्या की समजावं, मन जागेवर नाही.

इकडे साहेबांनी नवे आवाज बोलावले. मशीनवर मीच. आधी एक खराखुरा मुलगा आला. गोड पोर, पण घाबरून वाक्य वाचल्यासारखं म्हणाला. मग आवाज बारीक काढणारा एक नट आला. मग एक तरुण मुलगी, चांगली तयारीची. समोर पडद्यावर तेच चित्र: उलटी होडी, भिजलेला, थरथरणारा चिमट्या. आणि एकामागून एक सगळे त्याला म्हणत होते, "रडतोस काय मुलीसारखा?"

मुलीचा टेक झाला. तीच काचेआडून म्हणाली, "सर, घर गेलंय ना त्याचं?"

साहेब पडद्याकडे बघत राहिले. "पुन्हा लाव," ते मला म्हणाले. मी लावलं. "पुन्हा." पुन्हा लावलं.

"आधी असं लागत नव्हतं," ते म्हणाले.

"लागत होतं, साहेब. जाऊबाईंच्या गळ्यातून गोड होऊन येत होतं, इतकंच. त्या होत्या म्हणून आपल्याला टोचलं नाही. ज्यांना टोचायचं त्यांना टोचतच होतं. माझ्या घरी एकाचा हात प्लास्टरमध्ये आहे." मग मी त्यांना मनगटाचं सगळं सांगितलं. ते ऐकताना एकदाही मध्ये बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल.

शेवटी म्हणाले, "काय वाक्य आणलं होतं त्यांनी?"

"ते त्यांच्याच तोंडून ऐका."

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या. खुंटीवरचा हेडफोन घेतला, गुडघ्यावर हात ठेवून एकदा हुश्श केलं आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. मी बोट वर केलं. पडद्यावर भन्नाट चिखल तुडवत होडीपाशी आला, वाकला, त्याचे ओठ हलले.

"रडून घे. मी आहे ना."

एक ओठ इकडे नाही की तिकडे नाही. जिथे तोंड मिटायचं तिथे मिटलं, जिथे उघडं राहायचं तिथे राहिलं. आणि आवाज तोच हो, तसाच टग्या, तसाच झाडावर चढणारा. जराही मऊ पडला नव्हता. उलट मला तर तो पहिल्यांदाच खरा शूर वाटला. माझ्या डोळ्यांपुढे मशीनचे काटे धूसर झाले. साहेब "फोन आलाय" म्हणून बाहेर गेले. त्यांचा फोन माझ्यासमोर टेबलावर पडला होता.

भन्नाट जाऊबाईंकडेच राहिला. जुनं वाक्य साहेबांनी पुढच्या भागांतून काढून टाकलं. सगळं काही आलबेल झालं असं मात्र समजू नका. दुकानांतल्या बाहुल्या अजून तेच ओरडतात आणि आमच्या गुपिताला अजून कुलूप आहे. दुकानासमोरून जाताना जाऊबाई त्या बाहुल्या एकेक करून पालथ्या घालतात आणि मी दुकानदाराला बोलण्यात गुंतवते.

तो भाग लागला तेव्हा पिटुकला प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसला होता. ते वाक्य आलं. तो हसला नाही, रडलाही नाही. मान वळवून त्याने काकूकडे बराच वेळ बघितलं आणि मग पुन्हा टीव्हीकडे. आम्ही दोघी श्वास रोखून होतो.

मग प्लास्टर काढायचा दिवस आला. ते कापायचं यंत्र केवढ्याने घरघरतं! यंत्र हाताजवळ आलं आणि पिटुकल्याने भोकाड पसरलं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं, मासा, जिना, सगळं. यंत्र चालवणारा माणूस भला होता; पोराला हसवायचं म्हणून भन्नाटच्या चालीत म्हणाला, "काय रे वाघा, रडतोस काय मुलीसा..."

"मी रडून घेतोय," पिटुकला हुंदके देत म्हणाला. "तुम्ही कापा. काकू आहे ना."

त्याने भन्नाटचं नाव घेतलं नाही. दुसरा हात लांब करून त्याने काकूचा पदर पकडला आणि मनसोक्त रडला. जाऊबाई गळ्यातला चष्मा पर्समध्ये शोधायला लागल्या.