मेणाच्या ठोकळ्यातले शेवटचे काप

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. मेण म्हटलं की तुम्हाला मेणबत्ती आठवते. पण मित्रांनो, माझ्या पोटात वात नाही, एका बाईच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. आता किती उरलाय ते पुढे कळेलच.

त्या बाई शिवणकाम करायच्या. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची गाठ काढली आणि प्रयोगशाळेतल्या मावशींनी तिचा तुकडा वितळलेल्या मेणात बसवून मला घडवलं. मावशी म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. हात अतिशय हलका, तोंड मात्र फटकळ. त्यांनी माझ्या कडेला पेन्सिलीने नंबर घातला, कारण शाई इथल्या रसायनांत धुऊन जाते. माझे दोन-चार काप तपासले, गाठ साधी निघाली आणि माझी रवानगी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात झाली. खण उघडायचा, उजेड यायचा, बोटं शेजाऱ्याला उचलायची आणि पुन्हा अंधार. सात वर्षं मला कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मग एका सोमवारी ती बोटं माझ्यावर येऊन थांबली.

शिवणकामवाल्या ताईंच्या आतड्यात पुन्हा गाठी आल्या होत्या. एक-दोन नव्हे, चांगल्या चाळीसेक. त्यांतल्या एखादीचा पुढेमागे कर्करोग होऊ शकतो, म्हणून बरंचसं आतडंच काढावं लागेल, असं सर्जन म्हणत होते. दुसरी एकच वाट होती. अशा गाठींवर, शरीरातलं एक एन्झाइम दाबणाऱ्या औषधाची चाचणी चालू होती. पण ज्यांच्या गाठीत ते एन्झाइम जास्त सापडेल, त्यांनाच त्यात घेणार होते आणि यादी शनिवारी बंद होणार होती. नव्या गाठीचा तुकडा काढायला महिन्यानंतरची तारीख मिळाली होती. हाताशी होतो मी एकटा.

"मावशी, कुठे जखम झाली की हे एन्झाइम कामाला लागतं," तरुण डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "लाली, सूज, ठणका यांत त्याचा हात असतो. जखम भरायलाही ते मदत करतं. काम झालं की एरवी ते कमी होतं. काही गाठींत मात्र ते थांबायचं नावच घेत नाही, आणि गाठ पोसली जाते. ताईंच्या गाठीत ते आहे का, एवढंच बघायचंय."

"बघू की. त्यात काय!" मावशी म्हणाल्या.

त्यांनी मला बर्फावर गार केलं, यंत्रात बसवलं, तोंड जवळ आणून माझ्यावर हळूच वाफ सोडली आणि पातं फिरवलं. केसाचे वीस पापुद्रे काढले तर त्यातला एक जेवढा, तेवढे पातळ माझे काप! ते कोमट पाण्यावर तरंगले, तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. मावशींनी ते काचांवर उचलले. एन्झाइमला शोधून चिकटणारं द्रव्य काचांवर घातलं, फक्त एका काचेवर मुद्दाम घातलं नाही. पेशी दिसाव्यात म्हणून निळा रंग मात्र सगळ्याच काचांना देतात. वगळलेली काच निळीच राहायला हवी आणि बाकीच्यांवर एन्झाइम असेल तिथेच तपकिरी रंग दिसायला हवा, असा हिशेब.

पण सगळ्याच काचा तपकिरी झाल्या. वगळलेलीसुद्धा! बुधवारी पुन्हा काप, पुन्हा तेच. दर वेळी यंत्रात मला सपाट करताना कापांहून जास्त भाग छिलून वाया जायचा, त्यामुळे माझ्यातला तुकडा संपत चालला. मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, "ठोकळाच खराब झालाय. टाकून द्या." रागाने मी वितळायचाच बाकी होतो. दोष माझा नव्हता, पण सांगणार कसा?

गुरुवारी पातं बदलताना मावशींचं बोट कापलं. त्यांनी टेबलावरची पेरॉक्साइडची बाटली उचलून बोटावर ओतली. खरं तर जखमेवर पडताच ते फसफसतं. आज एक बुडबुडा येईल तर शपथ. मावशी रक्त पुसायचं विसरल्या.

"डॉक्टरीणबाई, आधी इकडे या! ही बाटली मेलेली आहे!"

एन्झाइम नसलं तरी गाठीतल्या रक्ताच्या पेशी रंगाला आपणच तपकिरी करून टाकतात. म्हणून रंग घालण्याआधी त्यांना पेरॉक्साइडने गप्प करायचं असतं. खिडकीच्या उन्हात राहून बाटलीतला जोर गेला होता, नुसतं पाणी उरलं होतं.

"खिडकीत मीच ठेवली होती," मावशी म्हणाल्या. "चूक माझी. नवी बाटली फोडा. ठोकळ्याला नावं ठेवू नका."

सात वर्षांत प्रथमच कुणी माझी बाजू घेतली, मित्रांनो.

शुक्रवारी माझ्यात जेमतेम चार काप निघण्याइतका तुकडा उरला होता. एक फाटला. मावशींनी पट्टी बांधलेलं बोट आखडून बाकीचे तीन श्वास रोखून उचलले. दुपारी डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि एकदम ओरडल्या, "वगळलेली निळी! मावशी, कडेचा निरोगी भागही निळा आणि गाठ बघा, गाठ तपकिरी!" मावशींनी पाहिलं आणि चक्क त्यांना मिठी मारली. ताईंचं नाव यादीत गेलं, एक दिवस राखून.

मावशींचं बोट दोन दिवस सुजलं, आठवड्यात भरून आलं. म्हणून त्या एन्झाइमला शत्रू समजू नका, आणि त्याला दाबणाऱ्या सुजेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. ताईंनाही औषध दर महिन्याला तपासण्या करूनच मिळालं.

वर्षभराने ताई प्रयोगशाळेत आल्या. चाळीसातल्या पाचच गाठी उरल्या होत्या, त्याही बारक्या. तपासण्या चालूच राहणार होत्या, पण आतडं काढायचं सध्या टळलं होतं. त्यांनी मला तळहातावर घेतलं.

"मावशी, एवढासाच?"

"एवढासा नव्हता गं. तुझ्यासाठी झिजलाय."

सुईने टोचलेल्या बोटाने ताईंनी माझ्या कडेवरची धूळ पुसली.

माझ्या पोटात आता त्या तुकड्याचा पुसटसा पापुद्रा तेवढा आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिला खराब म्हणण्याआधी एकदा आपली बाटली तपासून पाहा. इथे दहा वर्षं झालेले ठोकळे टाकून देतात. माझी दहा पुढच्याच वर्षी भरतील. पण निवृत्त होण्याच्या दिवशी मावशींनी मला खणातून काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि नंबराखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, "टाकू नये."